किल्ली सगळ्यात शेवटी: घर भाड्याने देणाऱ्यांसाठी फसवणूक टाळण्याचा क्रम

भाडेकरू घर बळकावेल, ही घरमालकांची जुनी भीती. फसवणुकीचे प्रकार मात्र आता त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. कोणी घर न बघताच मालकाच्या खात्यातून पैसे काढतो, कोणी तेच घर आपले म्हणून तिसऱ्याला हेवी डिपॉझिटवर (महिन्याच्या भाड्याऐवजी एकदाच घेतलेल्या मोठ्या रकमेवर) देतो, कोणी त्या पत्त्यावर बोगस फर्म उघडून गायब होतो. मालकाने काळजी घेतलेली नसते असेही नाही, पण बऱ्याचदा ती उलट्या क्रमाने घेतलेली असते. ‘मुलगा चांगल्या घरचा वाटतो, एक तारखेला सामान आणू दे, करार पुढच्या आठवड्यात करू,’ इथून पुढचे सगळे सुरू होते.

किल्ली हातात असेपर्यंतचे उपाय स्वस्त आणि थोड्या वेळाचे असतात. ती दिल्यावर उरतो कायदा, आणि तो त्याच्या चालीने चालतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग करार, मग पैसे, मग पोलिसांना माहिती, आणि त्यानंतर किल्ली. पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या राहत्या घरांबद्दल आहे. दुकान-गाळ्यांची प्रक्रिया वेगळी असते, ती इथे घेतलेली नाही.

जाहिरात टाकल्यावर येणारा पहिला फोन

जाहिरातीत फ्लॅट क्रमांक, दारावरची नावाची पाटी, सोसायटीची कमान दिसेल असे फोटो टाकू नका. हे फोटो उचलून भामटे तेच घर कमी भाड्यात दाखवतात, ‘व्हिजिटर पास’ किंवा टोकनच्या नावाखाली लोकांकडून पैसे घेतात, आणि फसलेली माणसे तुमच्या दाराशी येऊन उभी राहतात.

पण मालकांना थेट लुटणारा फोन वेगळा. बोलणारा सांगतो की तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली पुण्याला किंवा मुंबईला झाली आहे, कुटुंब पुढे पाठवायचे आहे. भाड्यात घासाघीस नाही, घर बघण्याची घाई नाही. गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार, सगळे व्हॉट्सॲपवर न मागता येते. मग विषय पैशांवर येतो: आमचे पेमेंट अकाउंट्स ऑफिसातून होते, तिथली पद्धत निराळी आहे, तुम्ही आधी १ रुपया पाठवा, २ परत येतील. ते येतातही. त्यानंतर सांगतात, आता डिपॉझिटच्या निम्मी रक्कम पाठवा, दुप्पट होऊन येईल. किंवा क्यूआर कोड पाठवतात आणि ‘पैसे घेण्यासाठी’ तो स्कॅन करायला लावतात. फोन सतत चालू ठेवतात, म्हणजे घरात कोणाला विचारायला उसंत मिळत नाही.

लष्कराची अशी कुठलीही पद्धत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो. पैसे येताना पिनही लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे आता क्यूआर कोड आणि खोटे स्क्रीनशॉट यांवर जोर आहे. अशा फोनला एकच उत्तर पुरते: ‘घर बघायला तुमचे इथले कोणी पाठवा, मग बोलू.’ पुण्यात खडकी, वानवडी, दिघी या भागांत लष्करातले खरे भाडेकरू भरपूर असतात, आणि ते घर बघायला येतात.

पैसे गेलेच तर बँकेची शाखा उघडण्याची वाट बघू नका. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती थांबवता येते, म्हणून पहिल्या काही तासांना किंमत आहे.

माणूस बघणे

घरात प्रत्यक्ष जे राहणार आहेत त्या सगळ्या प्रौढांना एकदा भेटा. एजंट म्हणेल, ‘पार्टी चांगली आहे, मी ओळखतो.’ एजंटची दलाली करार झाला की संपते, तुमचे नाते मात्र तिथून सुरू होते. त्याला दोष द्यायचे कारण नाही, पण पडताळणी त्याच्यावर सोडू नका.

आधारची रंगीत झेरॉक्स बघून समाधान मानू नका. आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) ॲपने स्कॅन केला की कार्डाच्या मूळ नोंदीतले नाव आणि फोटो दिसतात. छापील कार्डावर काही खाडाखोड असेल तर तिथेच उघडी पडते. नोकरी सांगितली असेल तर ऑफरलेटर पुरेसे नाही, कारण ते टाइप करता येते. पगार जमा होणारे गेल्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागा. ऑफिसला फोन करायचा असेल तर भाडेकरूने दिलेल्या नंबरवर न करता कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधून करा.

यातला सगळ्यात उपयोगी फोन म्हणजे आधीच्या घरमालकाला. सध्याचा नव्हे, त्याच्याही आधीचा. सध्याच्या मालकाला भाडेकरू जायला हवा असेल तर तो गोडच बोलणार! आधीच्याला दोनच गोष्टी विचारा: भाडे कसे यायचे, आणि घर सोडताना डिपॉझिटवरून काय झाले. मित्रालाच ‘मालक’ म्हणून उभे केले असेल, अशी शंका आली तर त्याला घराचा मजला, मेंटेनन्सची रक्कम, सोसायटीच्या सेक्रेटरीचे नाव विचारा. खऱ्या मालकाला ही उत्तरे झोपेतही देता येतात.

एक मुद्दा आवर्जून. जात, धर्म, आहार, ‘बॅचलर नको’ या चाळणीने फसवणूक टळत नाही. बनाव रचून येणारा माणूस तुम्हाला हवी तीच उत्तरे देतो. चाळणी लावायचीच तर कागदांना लावा.

तुमचे कागद त्याच्या हातात

याकडे फार थोडे मालक लक्ष देतात. करारासाठी भाडेकरूला किंवा एजंटला तुमच्या खरेदीखताची पूर्ण प्रत, शेअर सर्टिफिकेट, पॅन, आधार असे सगळे एका पीडीएफमध्ये पाठवले जाते. ते कागद पुढे कुठे जातील यावर तुमचा ताबा राहत नाही. घरात राहणारा माणूस, हातात मालकाची कागदपत्रे आणि मालक दुसऱ्या शहरात, एवढ्यावर तोतया मालक उभा करून घर गहाण टाकण्याचा किंवा विकण्याचा प्रयत्न होऊ शकतो.

मालकी दाखवायला इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा सारांश), मालमत्ता कराची पावती आणि लाइट बिल पुरते. खरेदीखत बघायचेच असेल तर समोर बसून बघू द्या. आधार द्यायचे झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या, आणि प्रत्येक प्रतीवर आडवे लिहा: ‘केवळ अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी’, खाली तारीख. यूआयडीएआयच्या ॲपवर बायोमेट्रिक लॉक ठेवा, म्हणजे तुमचा अंगठा कोणी वापरू शकणार नाही. करार नोंदवण्यापुरता उघडा, परत बंद करा.

लाइट बिलाची गोष्ट आणखी वेगळी. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा म्हणून मालकाचे संमतिपत्र किंवा भाडेकरार आणि सोबत लाइट बिल किंवा कराची पावती जोडतात. संमतिपत्रावर खोटी सही केली की तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कागदावर लोखंडाचा व्यापार सुरू होतो. माल कधीच हलत नाही, फक्त बिले फाडली जातात, आणि काही महिन्यांनी अधिकारी तुमच्या दारात येतात. हे अडवायचे ठिकाण म्हणजे करार.

करार: नोटरी नव्हे, नोंदणी

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे,’ हे वाक्य महाराष्ट्रात चुकीचे आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, ही समजूत केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा त्यातली दुसरी तरतूद जास्त बोचणारी आहे: वाद झाला आणि करार नोंदलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे असल्याचे तुम्ही सिद्ध करेपर्यंत.

उलट लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरता घर वापरण्याचा परवाना) नोंदवलेला असेल तर याच कायद्याचे कलम २४ तुमच्या बाजूने उभे राहते. त्याकडे पुढे येऊच.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का. ते मुदतीतले एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेवर निघते. भाडे २५,००० आणि डिपॉझिट १ लाख असेल तर अकरा महिन्यांना बेरीज साधारण २,८४,००० होते आणि शुल्क सातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीत अंगठ्याचे मशीन घेऊन माणूस घरी येतो, आणि इथेच आणखी एक फायदा हाती लागतो. आधारच्या यंत्रणेशी अंगठा जुळल्याशिवाय काम पुढे जात नाही, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आलेला माणूस या टप्प्यावर अडतो. अंगठा द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला घर देऊ नका, मग तो कितीही भला वाटो.

नोंदणी झाल्यावर इंडेक्स टूसह पूर्ण करार स्वतःच्या मेलवर मागून घ्या आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक टाकून तो खरोखर दिसतो का ते बघा. एजंटने पाठवलेली पीडीएफ म्हणजे नोंदणी नव्हे.

छापील मसुद्यात पंचवीस कलमे असतात, त्यातली निम्मी रंग आणि खिळे यांबद्दल. ज्यांनी खरा फरक पडतो ती कलमे अशी. राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे नाव. वापर फक्त राहण्यासाठी. या पत्त्यावर जीएसटी, कंपनी, दुकाने नोंदणी किंवा कोणताही व्यवसाय दाखवायचा नाही, आणि मालकाने वेगळे नोंदणीकृत संमतिपत्र दिल्याशिवाय इतर कुठलीही संमती ग्राह्य नाही. पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट, दिवसावर भाड्याने देणे बंद. भाडे फक्त कराराच्या पक्षाच्या खात्यातून, तुमच्या अमुक खात्यात. डिपॉझिट शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळते करता येणार नाही. दोन महिन्यांचे भाडे थकल्यास करार संपवण्याचा अधिकार. आणि पूर्वसूचना देऊन घर बघण्याचा अधिकार, तीन महिन्यांतून एकदा तरी.

लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्याच्या आत करार मोडता येत नाही ती मुदत, लिहायचा की नाही, यावर मतभेद आहेत. माझा कल छोट्या लॉक-इनकडे आहे, कारण घर भामटेगिरीसाठी घेणाऱ्याला अडकून राहणे परवडत नाही.

पैसे

टोकन रोख घेऊ नका. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे भाडे करार नोंदवण्याच्या दिवशी तुमच्या खात्यात जमा झालेले हवे, आणि ‘जमा झाले’ म्हणजे तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली. समोरच्याचा स्क्रीनशॉट, त्याने दाखवलेला हिरवा टिक, बँकेच्या नावासारखा दिसणारा एसएमएस यांपैकी काहीच पुरावा नाही. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

जादा पैशांचा सापळा जरा कसबी असतो. एक लाखाऐवजी दीड लाख येतात, मग फोन येतो, ‘गडबडीत जास्त गेले, पन्नास हजार या दुसऱ्या नंबरवर पाठवा.’ पैसे खरेच आलेले असतात, पण ते कुठल्यातरी फसवलेल्या माणसाच्या खात्यातून. तुम्ही पन्नास हजार पुढे पाठवता, काही दिवसांत मूळ माणसाची तक्रार होते, आणि पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्याशी पोचतात. खाते गोठते, तेही कधी कधी दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून. म्हणून जादा रक्कम आली तर स्वतःहून कुठेही पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि जिथून आली तिथेच बँकेमार्फत परत करा. पैसे करारातल्या नावापेक्षा वेगळ्या नावाच्या खात्यातून आले, तर तिथेच थांबून कारण विचारा.

भाडे महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर, भाड्यातून कापावा लागतो. कापून भरलाच नाही, असेही घडते. तुमच्या पॅनवर ती रक्कम आयकर पोर्टलवर दिसते का, ते तपासा.

पोलिसांना माहिती

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली भाडेकरूंची माहिती देण्याचे आदेश काढतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा दाखल होतो. माहिती ऑनलाइन भरता येते. पोचपावती मात्र जपून ठेवा, कारण उद्या भाडेकरू काही भलते करून बसला तर चौकशीत पहिली मागणी तिचीच होते. ही पावती म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही, तुम्ही कळवले याचा पुरावा आहे. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याच्या राहण्याची माहिती २४ तासांत ठरलेल्या फॉर्ममध्ये (पूर्वीचा फॉर्म सी) देणे वेगळे.

सोसायटीला करार आणि ही पावती द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिगरवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे सेक्रेटरींना अधूनमधून आठवण करून द्यावे लागते.

किल्ली देताना

रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा: भिंती, नळ, गीझर, फर्निचर, वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे. भाडेकरूसमोर काढा आणि त्याच दिवशी त्याला पाठवा. वस्तूंची यादी, दोघांच्या सह्या. महावितरणच्या खात्यावर मोबाइल नंबर तुमचाच ठेवा, म्हणजे थकबाकीचा मेसेज तुम्हाला येईल.

राहायला आल्यावर

हेवी डिपॉझिटचा प्रकार मुंबईत जास्त बघायला मिळतो. ‘एजन्सी’ किंवा एखादा सुटाबुटातला माणूस मालकाकडून रीतसर २५-३० हजार भाड्याने घर घेतो, मग आपणच मालक किंवा मालकाचा मुखत्यार असल्याचे भासवून दुसऱ्या कुटुंबाला शून्य भाड्यावर आणि सात-आठ लाख डिपॉझिटवर देतो. तुम्हाला भाडे वेळेवर येत राहते, त्या कुटुंबालाही तक्रार नसते. वर्षभराने तो माणूस नाहीसा होतो. घरात बसलेले कुटुंब म्हणते, आमचे आठ लाख द्या, मग निघतो. दोघेही फसलेले असतात आणि भांडतात एकमेकांशी.

याची चाहूल घर बघितल्याशिवाय लागत नाही. दारात भेटणारा माणूस करारातला आहे का, हे बघणे एवढेच काम. वॉचमन, शेजारची काकू, सोसायटीच्या ॲपवर येणारी पाहुण्यांची नोंद, यांतून पुष्कळ कळते. दूर राहत असाल तर नात्यातल्या कोणाला तरी तिमाहीला चहाला पाठवा. घर ‘सांभाळून देणाऱ्या’ कंपनीला दिले असेल तर करार तुमच्या आणि प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या नावे असावा, असा आग्रह सोडू नका.

परदेशात असलेल्या मराठी मालकांना इथे अधिक जपावे लागते. भाऊ किंवा मित्राला दिलेले कुलमुखत्यारपत्र फक्त भाड्याने देणे, करार नोंदवणे आणि ताबा परत घेणे एवढ्यापुरते असावे. विक्री आणि गहाण हे शब्द त्यात नसावेत. बाहेर केलेले पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. भाडे अनिवासी मालकाला जात असेल तर टीडीएसचा दरही वेगळा आणि बराच जास्त असतो, म्हणून अनिवासी असल्याचे करारात स्पष्ट लिहा.

मुदत संपली आणि निघत नसेल तर

कुलूप बदलणे, पाणी-वीज तोडणे, सामान बाहेर काढणे यांतले काहीही करू नका. आवश्यक सेवा तोडणे याच भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या) कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. म्हणजे तुमची बाजू असूनही केस त्याची होते.

करार संपण्याच्या दोन महिने आधी ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा की नूतनीकरण नाही. मुदत संपल्यावर आलेले पैसे ‘भाडे’ म्हणून स्वीकारू नका. घ्यावेच लागले तर नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून, असे लिहून घ्या. मग भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानतात, भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागू होते. प्रत्यक्षात तारखा पडतातच, पण दिवाणी न्यायालयापेक्षा हा रस्ता पुष्कळ जवळचा आहे. ‘नवा कायदा आला, दोनच महिन्यांचे डिपॉझिट घेता येते,’ असे कोणी मोबाइलवरचा मेसेज दाखवून म्हणाला तर तो २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा आहे. तो ज्या राज्याने स्वीकारला तिथे लागू होतो, आणि तुमच्या कराराला लागू आहे तो १९९९ चा.

सरळ निघाला तर ताबापत्रावर तारीख, मीटरचे आकडे आणि त्याची सही घ्या, आणि डिपॉझिट ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. त्यानंतर त्याच्या नावाने येणारी पत्रे काही महिने बघत राहा. बँकेचे कर्जाचे पत्र, न ओळखीच्या फर्मच्या नावाने आलेला लिफाफा किंवा जीएसटी कार्यालयाची नोटीस आली तर ती परत टाकू नका, वॉचमनकडे पडूही देऊ नका. करार, ताबापत्र आणि पोलिसांकडची पोचपावती जोडून त्या कार्यालयाला लेखी कळवा की हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहत नाही आणि व्यवसायासाठी या जागेची संमती कधीच दिलेली नव्हती. आवक क्रमांक घेतलेली प्रत फाइलला लावा.